ट्रकचे कूलंट निवडताना रंग पाहू नका, डब्यावरचे मानक वाचा

निपाणी सोडून संकेश्वरकडे निघालेला भरलेला ट्रक तवंदी घाटाला लागला की इंजिनाची खरी परीक्षा सुरू होते. खालचा गिअर, कमी वेग, समोरून वारा नाही आणि मागे पंधरा-वीस टन माल. उन्हाळ्यात अशा चढावर कडेला थांबलेली, वाफ सोडणारी गाडी आणि हातात पाण्याचा कॅन घेतलेला क्लीनर हे चित्र नवे नाही. गोव्याकडे उतरणारा अनमोड असो की इंदूर-मुंबई मार्गावरचा सेंधव्याजवळचा बिजासन घाट, गोष्ट तीच.

गाडी तापली की चालक पाणी ओततो, गाडी पुढे निघते आणि विषय तिथेच संपतो. खरे नुकसान त्यानंतर हळूहळू होते. चुकीचे कूलंट किंवा नुसते बोअरचे पाणी वर्ष-दोन वर्षे फिरत राहिले तर लायनरला भोके पडतात, रेडिएटर चोकअप होतो, वॉटर पंपाचे सील जाते. इंजिन उघडायची वेळ आली की दुरुस्तीचा खर्च वेगळा, गाडी उभी राहिल्याने बुडालेले भाडे वेगळे आणि बँकेचा हप्ता तर थांबत नाहीच. एक-दोन गाड्यांच्या मालकाला हा फटका जड जातो.

म्हणून कूलंट घेताना नेमके काय पाहायचे, याची ही माहिती.

कूलंटमध्ये असते काय?

कूलंट तीन गोष्टींनी बनते. पहिली पाणी. उष्णता वाहून नेण्यात पाण्याइतका चांगला आणि स्वस्त द्रव दुसरा नाही. दुसरी ग्लायकॉल, बहुतेक वेळा इथिलीन ग्लायकॉल. ते पाण्याचा गोठणबिंदू खाली आणि उत्कलनबिंदू वर नेते. तिसरी म्हणजे गंज आणि झीज रोखणारी रसायने, ज्यांना गॅरेजमध्ये ‘अॅडिटिव्ह’ म्हणतात. डब्यात यांचे प्रमाण सर्वांत कमी असते, पण एका कूलंटचा दुसऱ्यापासून फरक पडतो तो यांच्यामुळेच.

पाणी आणि इथिलीन ग्लायकॉल निम्मे-निम्मे मिसळले तर मिश्रण साधारण उणे ३७ अंश सेल्सिअसपर्यंत गोठत नाही. उघड्या भांड्यात ते सुमारे १०८ अंशांना उकळते आणि १५ पीएसआयची रेडिएटर कॅप घट्ट बसलेली असेल तर सुमारे १२९ अंशांपर्यंत टिकते.

आपल्याकडे बर्फ पडत नाही, मग साधे पाणी का नको?

हा प्रश्न प्रत्येक गॅरेजमध्ये विचारला जातो आणि तो चुकीचा नाही. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसातशे मीटर उंचीवर आहे. इथे उघड्यावर पाणी ९७-९८ अंशांनाच उकळते. पण कॅप चांगली असेल तर दाबाखाली साधे पाणीसुद्धा १२० अंशांच्या आसपास टिकते. म्हणजे नुसत्या उकळण्याचा विचार केला तर पाणी आणि कूलंट यांत आठ-दहा अंशांचाच फरक.

मग कूलंट कशासाठी? आपल्या हवामानात त्याचे मोठे काम गंज, क्षार आणि लायनरची झीज रोखण्याचे आहे. पाण्यात हे संरक्षण नसते. दख्खनच्या बोअरवेलचे पाणी बहुतेक ठिकाणी जड असते. ते तापले की क्षारांचा पांढरा थर सिलिंडरभोवती आणि रेडिएटरच्या नळ्यांत बसतो. हा थर उष्णता अडवतो. काटा नॉर्मल दाखवत असतानाही लायनरचा एखादा भाग आतून जास्त तापलेला असू शकतो. किनारपट्टीजवळच्या मचूळ पाण्यात क्लोराइड असते, ते धातूला बारीक खड्डे पाडते.

काश्मीरहून सफरचंद आणणाऱ्या किंवा हिवाळ्यात हिमाचल, लडाखकडे जाणाऱ्या गाड्यांना मात्र गोठण्याचाही धोका आहे. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगते. रात्रभर उभ्या गाडीच्या ब्लॉकला तडा जायला तेवढे पुरते.

कारचे कूलंट ट्रकला का चालत नाही?

अनेक मोठ्या डिझेल इंजिनांत ‘वेट लायनर’ असतात. पिस्टन ज्यात वर-खाली होतो ती नळी वेगळी बसवलेली असते आणि तिच्या बाहेरच्या अंगाला थेट कूलंट लागते. डिझेल पेटते तेव्हा पिस्टन लायनरच्या भिंतीवर आपटतो आणि लायनर थरथरतो. २,००० आरपीएमला फिरणाऱ्या फोर-स्ट्रोक इंजिनात प्रत्येक सिलिंडरमध्ये मिनिटाला १,००० वेळा डिझेल पेटते. म्हणजे लायनरला मिनिटाला हजार ठोके बसतात.

लायनर आत ओढला गेला की त्याच्या बाहेरच्या बाजूला क्षणभर पोकळी होऊन वाफेचे सूक्ष्म बुडबुडे तयार होतात. लायनर परत आला की ते फुटतात. एका बुडबुड्याचा जोर नगण्य, पण त्याच जागी लाखो बुडबुडे फुटत राहिले की लोखंडाचे कण निघू लागतात. टाचणीने टोचल्यासारखी भोके पडतात आणि एक दिवस त्यातून कूलंट सिलिंडरमध्ये आणि ऑइलमध्ये उतरते. याला कॅव्हिटेशन किंवा लायनर पिटिंग म्हणतात. ऑइल दुधी दिसू लागेपर्यंत बाहेरून काहीच कळत नाही.

हेवी-ड्यूटी कूलंटमधली नायट्राइट, मॉलिब्डेट किंवा ठरावीक सेंद्रिय आम्लांची रसायने लायनरवर पातळ संरक्षक थर धरतात. बुडबुडा त्या थरावर फुटतो, थर पुन्हा भरून येतो आणि लोखंड वाचते. कारच्या कूलंटमध्ये हे संरक्षण असेलच असे नाही.

सगळ्याच ट्रकांत वेट लायनर नसतात. उदाहरणार्थ, कमिन्सच्या ५.९ लिटर बी सिरीज इंजिनात सिलिंडर थेट ब्लॉकमध्येच असतो. तिथे हा धोका वेगळ्या प्रमाणात असतो. म्हणून शेजारच्या गाडीत चालते ते आपल्या गाडीत चालेलच, असे धरून चालू नये.

कूलंटचे मुख्य प्रकार

– आयएटी (जुन्या पद्धतीचे): सिलिकेट, फॉस्फेट, नायट्राइट अशी अकार्बनी रसायने. संरक्षण लगेच मिळते, पण रसायने लवकर संपतात. साधारण दोन वर्षांत बदलावे लागते. ट्रकमध्ये वापरताना अनेकदा एससीए नावाचे पूरक अॅडिटिव्ह वेगळे घालावे लागते.

– ओएटी (सेंद्रिय आम्लांचे): गरज असेल तिथेच धातूवर थर धरते, त्यामुळे जास्त टिकते. लाँग लाइफ किंवा एक्स्टेंडेड लाइफ म्हणून मिळणारी बरीच कूलंट या गटातली असतात.

– एचओएटी (मिश्र): सेंद्रिय आम्लांसोबत सिलिकेट किंवा फॉस्फेट. अनेक युरोपीय पद्धतीच्या इंजिनांना सिलिकेटचे, तर जपानी पद्धतीच्या इंजिनांना फॉस्फेटचे मिश्रण सांगितलेले असते.

– एनओएटी: ओएटीमध्ये नायट्राइट घातलेले. वेट लायनरच्या मोठ्या डिझेल इंजिनांसाठी हा प्रकार आला.

यातला सर्वांत चांगला कोणता, याला एकच उत्तर नाही. काही इंजिनांना नायट्राइट हवे असते, तर अॅल्युमिनियमचे भाग जास्त असलेल्या काही नव्या इंजिनांना कंपनीच नायट्राइटविरहित कूलंट सांगते. उत्तर गाडीच्या मॅन्युअलमध्ये असते.

रंगाचा घोळ

‘आधी हिरवे होते, हिरवेच टाका’ हे वाक्य महामार्गावर सर्रास ऐकू येते. एकेकाळी हिरवे म्हणजे जुने आयएटी आणि लाल-नारिंगी म्हणजे ओएटी असा ढोबळ अर्थ निघत असे. आज तसे राहिलेले नाही. रंग हा डाय असतो आणि तो कोणता घालायचा हे कंपनी ठरवते. दोन कंपन्यांची हिरवी कूलंट आतून पूर्ण वेगळी असू शकतात आणि एक लाल, एक निळे असूनही दोन्ही एकाच मानकाची असू शकतात.

रंगाचा उपयोग दोनच ठिकाणी आहे. गळती कुठून होते ते दिसते आणि मूळ रंग जाऊन तांबूस, गढूळ झाला तर आत गंज सुरू झाल्याचे कळते.

डब्यावर काय वाचायचे?

डबा फिरवून मागचा बारीक मजकूर वाचावा. पुढे दिलेले आकडे ओळखीचे असले की काम सोपे होते.

– आयएस ५७५९: इंजिन कूलंटचे भारतीय मानक.

– जेआयएस के २२३४: जपानी मानक. आपल्याकडच्या बऱ्याच डब्यांवर हेही छापलेले असते.

– एएसटीएम डी ३३०६: कार आणि हलक्या वाहनांसाठी. डब्यावर नुसते हेच असेल तर वेट लायनरच्या ट्रकसाठी ते पुरेसे धरू नये.

– एएसटीएम डी ४९८५: हेवी-ड्यूटीसाठी कमी सिलिकेटचे कूलंट. यात भरतानाच वेगळे एससीए घालावे लागते.

– एएसटीएम डी ६२१०: हेवी-ड्यूटीसाठी पूर्ण तयार कूलंट. लायनरच्या संरक्षणाची रसायने यात आधीच असतात.

यापुढचा टप्पा इंजिन कंपनीच्या स्वतःच्या मंजुरीचा. कमिन्सची मानके ‘सीईएस’ने सुरू होतात, मर्सिडीज-डायमलरची ‘एमबी ३२५’च्या मालिकेतली असतात. मॅन्युअलमध्ये जो क्रमांक आहे तोच डब्यावर असला पाहिजे. ‘सर्व डिझेल गाड्यांसाठी’ एवढेच छापलेले असेल आणि मानकाचा एकही क्रमांक नसेल, तर तो डबा परत ठेवावा.

मॅन्युअल हरवले असेल तर चेसिस नंबर घेऊन अधिकृत सर्व्हिस सेंटरला विचारावे. टाटा, अशोक लेलँड, भारतबेंझ आणि इंदूरजवळच्या पिथमपूरला तयार होणारी आयशर अशा सगळ्यांच्या गाड्या आपल्या रस्त्यांवर आहेत. एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांत इंजिन वेगळे असू शकते, म्हणून नुसते कंपनीचे नाव सांगून कूलंट मागू नये.

बीएस-६ गाड्यांत जास्त जपायला हवे

१ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ लागू झाले. यातल्या ज्या इंजिनांत ईजीआर आहे, त्यांत सायलेन्सरकडे जाणाऱ्या गरम वायूचा काही भाग थंड करून परत इंजिनात सोडला जातो आणि तो थंड करण्याचे काम कूलंट करते. त्यामुळे कूलंटवरचा भार वाढला. ईजीआर कूलरच्या नळ्या बारीक असतात. क्षार बसले की त्या तापून तडकतात. मग बाहेर थेंबही न दिसता कूलंट कमी होत राहते.

आणखी एक चूक टाळावी. बीएस-६ ट्रकला युरियाची वेगळी टाकी असते. त्यातल्या डीईएफमध्ये ३२.५ टक्के युरिया असतो, त्याचा कूलंटशी संबंध नाही. अंधारात, घाईत एकाचे दुसऱ्यात ओतले गेले तर गाडी चालू न करता सर्व्हिस सेंटरला कळवावे. चालू केल्यावर नुकसान वाढते.

कॉन्सन्ट्रेट घ्यावे की तयार मिश्रण?

बाजारात दोन्ही मिळतात. तयार मिश्रण थेट ओतायचे असते, त्यात पुन्हा पाणी घालायचे नाही. कॉन्सन्ट्रेटमध्ये पाणी मिसळूनच वापरायचे. ‘जास्त स्ट्राँग म्हणजे जास्त चांगले’ हा समज चुकीचा आहे. ग्लायकॉल पाण्यापेक्षा कमी उष्णता वाहून नेते, त्यामुळे शुद्ध कॉन्सन्ट्रेट भरले तर इंजिन जास्त तापते. शुद्ध इथिलीन ग्लायकॉल उणे १३ अंशांच्या आसपासच गोठते, म्हणजे निम्म्या मिश्रणापेक्षा बरेच आधी. मॅन्युअलने वेगळे सांगितले नसेल तर ५० टक्के हे प्रमाण सर्वांत सोयीचे.

मिसळायला डिस्टिल्ड किंवा डीआयोनाइज्ड पाणी वापरावे. हेवी-ड्यूटी इंजिनांसाठी पाण्याची एक प्रचलित मर्यादा अशी : क्लोराइड लिटरमागे ४० मिलिग्रॅमपर्यंत, सल्फेट १०० आणि एकूण जडपणा १७० मिलिग्रॅमपर्यंत. बोअरचे पाणी अनेकदा याच्या बाहेर जाते. शिवाय मिश्रण आधी स्वच्छ बादलीत करून मगच भरावे. रेडिएटरमध्ये आधी एक आणि मग दुसरे ओतले तर ते नीट मिसळेलच असे नाही.

‘थोडेसे पाणी’ किती महागात पडते?

समजा एका ट्रकच्या सिस्टीममध्ये ३० लिटर कूलंट मावते आणि ते ५० टक्क्यांचे आहे. गळतीने ५ लिटर गेले आणि चालकाने ५ लिटर पाणी ओतले. प्रमाण ४१.७ टक्क्यांवर आले. महिनाभराने पुन्हा तेच झाले, तर ३४.७ टक्के. तिसऱ्यांदा झाले, तर २८.९ टक्के. टाकी भरलेली, रंग थोडा फिका, पण संरक्षणाची रसायने जवळपास निम्म्यावर.

हे परत ५० टक्क्यांवर आणायचे तर सुमारे ९ लिटर मिश्रण काढून तेवढेच कॉन्सन्ट्रेट भरावे लागते. कूलंट जुने किंवा गढूळ असेल तर हा खटाटोप न करता पूर्ण बदललेले बरे.

उपाय सोपा आहे. केबिनमध्ये त्याच मानकाच्या तयार मिश्रणाचा पाच लिटरचा कॅन कायम ठेवावा. तो नसेल आणि रस्त्यात अडचण आलीच, तर पाणी ओतून गाडी सुरक्षित जागी न्यावी. कोरड्या इंजिनापेक्षा पाणी केव्हाही बरे. मात्र किती लिटर ओतले ते लिहून ठेवावे आणि घरी आल्यावर प्रमाण तपासून घ्यावे.

दोन कूलंट मिसळली तर?

स्फोट होत नाही, गाडी बंदही पडत नाही, म्हणूनच लोक मिसळतात. पण वेगळ्या पद्धतीची रसायने एकत्र आली की एकमेकांचा परिणाम कमी करतात. लाँग लाइफ कूलंटमध्ये साधे कूलंट पडले तर त्याचे लाँग लाइफ संपते. काही वेळा जेलीसारखा गाळ होऊन रेडिएटरच्या नळ्या बुजतात. एससीए हिशेबाबाहेर घातले तरी असा गाळ होतो आणि वॉटर पंपाचे सील खराब होते. वेगळ्या प्रकारावर जायचे असेल तर आधी सिस्टीम पूर्ण रिकामी करून स्वच्छ पाण्याने फ्लश करावी.

तपासणी आणि बदल

– रोज सकाळी इंजिन थंड असताना टाकीतली पातळी पाहावी. ‘गाडी पाणी खाते’ असे म्हणून सोडून देऊ नये. बाहेर गळती नसेल तर ते पाणी आत कुठेतरी जात आहे.

– गरम इंजिनाची कॅप कधीही उघडू नये. दाबाखालची वाफ तोंडावर येते. हात लावता येईल इतके थंड झाल्यावर कपडा धरून हळूहळू सैल करावी.

– ग्लायकॉलचे प्रमाण रिफ्रॅक्टोमीटरवर दोन थेंबांत कळते. अॅडिटिव्हची स्थिती मात्र त्यावर कळत नाही, त्यासाठी टेस्ट स्ट्रिप लागते. स्ट्रिप आपल्या कूलंटच्या प्रकाराचीच हवी.

– ऑइल दुधी होणे, टाकीत सतत बुडबुडे येणे, सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर निघणे ही हेड गॅस्केट, लायनर किंवा ईजीआर कूलर गेल्याची लक्षणे असू शकतात. अशी गाडी भाड्यावर पाठवू नये.

– बदलताना जुने पूर्ण काढावे, पाणी स्वच्छ येईपर्यंत फ्लश करावे, नवे हळूहळू भरावे आणि हवा बाहेर काढावी. इंजिन थर्मोस्टॅट उघडेपर्यंत चालवून, थंड झाल्यावर पातळी पुन्हा पाहावी.

– किती किलोमीटरला बदलायचे हे मॅन्युअल आणि डबा दोन्हीवर पाहावे. किलोमीटर पूर्ण झाले नसले तरी मुदत संपली की बदलावे.

किमतीची तुलना डब्याच्या दरावर करू नये. एकूण खर्चाला कूलंट जितके किलोमीटर चालणार आहे त्याने भागावे. दुप्पट किमतीचे कूलंट तिप्पट अंतर चालत असेल, तर तेच स्वस्त. पण मध्येच पाणी किंवा दुसरे कूलंट पडणार असेल तर हा हिशेब कोलमडतो.

सगळा दोष कूलंटचा नसतो

गाडी तापते म्हणून कूलंट बदलले तरी तापतेच, असेही होते. रेडिएटरच्या बाहेरच्या जाळीत धूळ, भुसा, उसाचा पाचोळा अडकलेला असतो. फॅन बेल्ट सैल असतो, फॅन क्लच धरत नाही, कॅपची स्प्रिंग कमजोर झालेली असते. आधी हे पाहावे.

काही ठिकाणी तापणारी गाडी आणली की मेस्त्री थर्मोस्टॅटच काढून टाकतात. त्याने काटा खाली येतो, पण इंजिन योग्य तापमानाला पोचत नाही, डिझेल जास्त लागते आणि झीज वाढते. थर्मोस्टॅट खराब असेल तर नवा टाकावा, जागा रिकामी ठेवू नये.

हे विष आहे

इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असते. कुत्री, जनावरे ते चाटतात आणि दगावतात. माणसाच्या पोटात गेले तर मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत कूलंट भरून ठेवणे म्हणजे अपघाताला आमंत्रण. चुकून कोणी प्यायलेच तर लक्षणांची वाट न पाहता, डबा सोबत घेऊन ताबडतोब रुग्णालय गाठावे. गाडीतून काढलेले जुने कूलंट गटारात, ओढ्यात, विहिरीजवळ किंवा शेतात ओतू नये. त्यात इंजिनातले धातूही उतरलेले असतात. झाकणाच्या कॅनमध्ये भरून, वापरलेले ऑइल रीतसर गोळा करणाऱ्या वर्कशॉपकडे चौकशी करून द्यावे.

केबिनमधली एक चिठ्ठी

गाडीवर चालक बदलतो, मेस्त्री बदलतो, कोगनोळीचा नाका ओलांडला की दुकानातले ब्रँडही बदलतात. म्हणून टाकीजवळ आणि केबिनमध्ये एक स्टिकर लावावा : कूलंटचे नाव, मानक क्रमांक, भरल्याची तारीख, तेव्हाचे किलोमीटर आणि पुढच्या बदलाचे किलोमीटर. भाषा मराठी असो, कन्नड, हिंदी वा गुजराती, मानकाचा आकडा सगळीकडे सारखाच वाचला जातो. रस्त्यात कुठेही कूलंट घालायची वेळ आली तर दुकानदाराला रंग न सांगता तो आकडा दाखवावा.